गॅस पुन्हा भरण्याआधी: कारच्या एसीतील गळतीचा शोध

कारच्या एसीतला गॅस इंधनासारखा जळून किंवा वापरून संपत नाही. गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, त्याला थंड करून द्रव बनवणारा कंडेन्सर, दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि आतली हवा गार करणारी कूलिंग कॉइल अशा बंद फेऱ्यात तोच गॅस वर्षानुवर्षे वायूचा द्रव आणि द्रवाचा वायू होत फिरत राहतो. रबरी होजच्या भिंतींतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टभोवतीच्या सीलमधून वर्षाकाठी काही ग्रॅम झिरपणे गृहीतच धरलेले असते. परंतु मागच्या उन्हाळ्यात वजन करून पूर्ण भरलेली यंत्रणा या उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा अपुरी पडत असेल, तर तो गॅस कुठल्या तरी छिद्रातून बाहेर गेला आहे आणि ते छिद्र अजून तिथेच आहे, हे नक्की समजावे. माझ्या गाडीबाबत नेमके हेच घडले होते. या वेळी गळती सापडल्याशिवाय नवा गॅस भरायचा नाही, असे मी ठरवले. ज्या तंत्रज्ञाने मला शेजारी उभे राहून प्रत्येक टप्पा पाहू दिला, आकडे टिपू दिले आणि शंका विचारू दिल्या, त्याच्यासोबत केलेल्या शोधाची ही हकीकत आहे.

लक्षणे ठळक होती. गाडी वेगात असताना थंडावा बरा लागे, पण चौकात थांबली की हवा कोमट होई. डॅशबोर्डच्या एका टोकाच्या झडपेतून येणारी हवा दुसऱ्या टोकापेक्षा हाताला सहज कळेल इतकी कमी थंड होती. बॉनेट उघडून ऐकले, तेव्हा कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा क्लच काही सेकंद लागून सुटत होता आणि लगेच पुन्हा लागत होता. गॅस कमी पडला की कूलिंग कॉइलचा सुरुवातीचा थोडाच भाग थंड होतो आणि उरलेला कोरडा राहतो, म्हणून दोन टोकांच्या हवेत फरक पडतो. त्याच वेळी कॉम्प्रेसर आपल्या ओढीने कमी दाबाच्या बाजूचा दाब इतका खाली नेतो की संरक्षणाची व्यवस्था त्याला बंद करते. दाब सावरला की तो पुन्हा सुरू होतो. ही उघडझाप नुसती गैरसोयीची नसते. कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेल गॅससोबतच फिरत असते. गॅसचा प्रवाह क्षीण झाला की तेल दूरच्या नळ्यांत पडून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा चालू लागतो. गळती लहान आहे म्हणून दर वर्षी गॅस भरत राहणाऱ्यांची गाडी शेवटी कॉम्प्रेसर मागते, ती या कारणाने.

कमी आणि जास्त दाबाच्या बाजूंना दाब मोजणारे गेज लावल्यावर पहिली गोष्ट जी मी नीट समजून घेतली, ती म्हणजे बंद गाडीवरचा दाब गॅस किती शिल्लक आहे हे सांगत नाही. माझ्या गाडीत आर-१३४ए हा शीतक वायू आहे. बाहेर तापमान ३० अंश सेल्सिअस असताना बंद यंत्रणेत दोन्ही बाजूंचे गेज साधारण ६.७ बार (एक बार म्हणजे जवळजवळ वातावरणाचा दाब) दाखवत होते. यंत्रणा काठोकाठ भरलेली असती, तरी याच तापमानाला हाच आकडा दिसला असता; कारण आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब ठरतो तो केवळ तापमानावर. सगळा द्रव संपून फक्त वायू उरल्यावरच हा दाब घसरू लागतो, आणि तोपर्यंत बराचसा गॅस निघून गेलेला असतो. त्यामुळे ‘गेजवर दाब ठीक आहे’ या वाक्यावर गाडी बंद असताना विश्वास ठेवता येत नाही. इंजिन सुरू केल्यावर मात्र चित्र बदलले: कमी दाबाची बाजू एका बारच्या आसपास उतरत होती आणि जास्त दाबाची बाजू नऊ बारपलीकडे चढत नव्हती. दोन्ही बाजू एकाच वेळी कमी, हे गॅस अपुरा असल्याचे नेहमीचे लक्षण.

यानंतरचा क्रम फार महत्त्वाचा होता, कारण काही तपासण्या गॅस आत असतानाच करता येतात आणि एकदा तो काढून घेतला की ती संधी जाते. म्हणून आधी डोळ्यांनी, मग अतिनील दिव्याने, मग इलेक्ट्रॉनिक शोधकाने पाहायचे आणि शेवटी गॅस काढायचा, असे आम्ही ठरवले.

डोळ्यांनी शोधायची खूण म्हणजे तेलकट धूळ. गॅस जिथून निसटतो तिथून त्याच्यासोबत थोडे तेलही येते, त्यावर धूळ बसते आणि इतर भागांपेक्षा काळसर ओला डाग तयार होतो. पाइपांचे जोड, होज जिथे धातूच्या टोपणात दाबून बसवलेला असतो ती जागा, कॉम्प्रेसरच्या पुलीमागचा भाग आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा ठोकळा हे सगळे कोरडे दिसले. कंडेन्सरचा वरचा अर्धा भाग लोखंडी जाळीतून दिसत होता आणि तोही स्वच्छ होता. खालचा भाग बंपरच्या आड होता.

मागच्या वर्षी गॅस भरताना त्यात फ्लुरोसंट डाय, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारा रंग, घातलेला होता, हे बिलावरून कळले. डाय घालणे चांगलेच, पण नंतर तो कुणी तरी पाहायला हवा. काळोख पडल्यावर पिवळा चष्मा लावून आम्ही अतिनील दिवा सर्वत्र फिरवला. कमी दाबाच्या सर्व्हिस पोर्टभोवती, म्हणजे गॅस भरण्याच्या तोंडाभोवती, पोपटी-पिवळा उजेड लगेच चमकला. इथेच शोध संपला असे वाटणे साहजिक आहे, पण तंत्रज्ञाने मला थांबवले. गॅस भरून झाल्यावर कपलर काढताना थोडे तेल तिथे नेहमीच उडते, त्यामुळे पोर्टभोवतीचा डाय हा गळतीचा पुरावा धरता येत नाही. त्याने तो भाग सॉल्व्हंटने पुसून कोरडा केला आणि मगच पुढे गेला. एखादी जागा आधी स्वच्छ करून, गाडी काही दिवस चालवून, तिथे डाय पुन्हा उमटला तरच तिला गळती म्हणावे, हा त्याचा नियम मला पूर्णपणे पटला. डायची आणखी एक मर्यादा त्या रात्री लक्षात आली. दिव्याचा उजेड पोहोचतो तिथलेच दिसते, आणि गाडीच्या पुढच्या भागावर पावसाचे व धुण्याचे पाणी सतत आदळत असल्याने तिथला डाय वाहून गेलेला असू शकतो.

इलेक्ट्रॉनिक शोधक मी त्याआधी कधी हाताळला नव्हता. शीतक वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे शोधकाची नळी जोडाच्या खालच्या बाजूने, सेकंदाला दोन-चार सेंटिमीटरपेक्षा जास्त वेग न ठेवता न्यायची असते. वेगाने फिरवली तर लहान गळती सुटून जाते. पंखा बंद, दारे लोटलेली, इंजिन बंद अशा स्थितीत आम्ही हे काम केले. उपकरण कॉम्प्रेसरजवळ वाजले, तेव्हा मला वाटले की शाफ्टचा सील गेला. पण इंजिन आदल्या दिवशी ज्या द्रवाने साफ केले होते, त्याच्या वाफेवरही ते वाजते असे निघाले. त्या द्रवाचे फडके नुसते जवळ धरले तरी तोच आवाज आला. म्हणून आम्ही एक पद्धत पाळली. उपकरण वाजले की ते दूर स्वच्छ हवेत नेऊन शांत होऊ द्यायचे, मग पुन्हा त्याच जागी आणायचे, आणि दर वेळी तिथेच वाजले तरच त्याची नोंद करायची.

कूलिंग कॉइलची तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटत होती, कारण ती डॅशबोर्डच्या आत असते आणि ती गळत असेल तर जवळजवळ संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. काही मिनिटे ब्लोअर चालवून आतली हवा बदलली, मग ब्लोअर बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबलो, म्हणजे कॉइल गळत असेल तर जड गॅस तिच्या खोक्याच्या तळाशी साचेल. त्यानंतर पाणी बाहेर पडण्याच्या नळीच्या तोंडाशी शोधक धरला. नळीत पाणी नाही याची खात्री करून, कारण पाणी आत ओढले गेले तर संवेदक खराब होतो. उपकरण शांत राहिले. त्या नळीवर अतिनील दिवा टाकला, तिथेही डायची चमक नव्हती. कॉइल गळत असती तर तिच्यावर जमणाऱ्या पाण्यासोबत डाय याच नळीतून बाहेर आला असता. दोन वेगळ्या तपासण्यांचे उत्तर एक आल्यामुळे कॉइलची चिंता मी बाजूला ठेवली.

गाडीच्या पुढच्या बाजूला, जाळीच्या खालच्या भागात, शोधक मात्र विचित्र वागला. एकदा क्षीण वाजला, पुन्हा आणला तर गप्प राहिला, मग पुन्हा वाजला. आमच्या पद्धतीप्रमाणे ही नोंद धरता येत नव्हती आणि सोडूनही देता येत नव्हती.

आता गॅस काढून घ्यायची वेळ आली. तो हवेत सोडून देण्याची सवय अजून अनेक ठिकाणी दिसते आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. आर-१२ या जुन्या वायूने ओझोनच्या थराला इजा होते, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने मागे पडला आणि १९९० च्या दशकात कारमध्ये त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. हा वायू ओझोनला अपाय करत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरून ठेवतो. २०१६ मध्ये किगाली येथे माँट्रियल कराराला जी दुरुस्ती जोडली गेली, ती अशाच वायूंचा वापर घटवण्यासाठी. आम्ही रिकव्हरी यंत्राने गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि वजन पाहिले. बॉनेटखालच्या पट्टीवर ५२० ग्रॅम छापलेले आहे आणि मागच्या वर्षीच्या बिलावरही तेवढेच भरल्याची नोंद होती. आता निघाले २९० ग्रॅम. म्हणजे साधारण वर्षभरात २३० ग्रॅम गॅस हवेत गेला होता. हवामानाच्या दृष्टीने हे सुमारे सव्वातीनशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे, म्हणजे जवळजवळ १४० लिटर पेट्रोल जाळल्याइतके आहे. थंडाव्याच्या आणि खर्चाच्या पलीकडे हा आकडा माझ्या मनात राहिला.

हे वजन पुढच्या सगळ्या शोधात आमच्या उपयोगी पडले, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आर-१३४ए चा रेणुभार १०२ आहे, त्यामुळे एक ग्रॅम गॅस नेहमीच्या दाबाला आणि तापमानाला साधारण २४० मिलिलिटर जागा व्यापतो. २३० ग्रॅम म्हणजे ५५ लिटर. ते वर्षभरात गेले असे धरले, तर दिवसाला दीडशे मिलिलिटर आणि तासाला सरासरी सहा मिलिलिटर पडतात. गाडी चालू असताना जास्त दाबाच्या बाजूला १३-१४ बार असतात आणि उभी असताना निम्मे, त्यामुळे प्रत्यक्षात हा दर कमीजास्त होणार. पण आपण कोणत्या आकाराच्या गळतीच्या मागे आहोत, हे या सरासरीने सांगितले. प्रत्येक तपासणीकडे मी आता एकाच प्रश्नाने पाहू लागलो: ताशी सहा मिलिलिटरची गळती या पद्धतीने दिसेल का?

तंत्रज्ञाने रिवाजाप्रमाणे व्हॅक्यूम पंप लावला, यंत्रणा निर्वात केली आणि अर्धा तास काटा पाहिला. काटा जागचा हलला नाही. “साहेब, व्हॅक्यूम धरून राहिलाय. बऱ्याच ठिकाणी इथेच गॅस भरून गाडी देतात,” असे तो म्हणाला, आणि मागच्या वर्षी दुसरीकडे माझ्या गाडीचे असेच झाले असणार. पण व्हॅक्यूम टिकणे म्हणजे गळती नसणे नव्हे. निर्वात यंत्रणेवर बाहेरून आत जास्तीत जास्त एक वातावरण दाब पडतो; चालू यंत्रणेत आतून बाहेर त्याच्या तेरा-चौदा पट दाब असतो आणि त्याची दिशाही उलट असते. काही जोड असे असतात की बाहेरच्या दाबाने ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) उलट घट्ट बसते. शिवाय आपल्या गळतीतून निर्वात अवस्थेत अर्ध्या तासात आत येणारी हवा मिलिलिटरच्याही लहानशा अंशाइतकी असेल. दोन-तीन लिटरच्या यंत्रणेत तेवढ्याने होणारी दाबवाढ साध्या गेजच्या काट्यावर दिसणे शक्यच नाही. व्हॅक्यूम चाचणी निखळलेला पाइप किंवा विसरलेली ओ-रिंग दाखवते. वर्षभरात निम्मा गॅस घालवणारी गळती ती दाखवू शकत नाही.

म्हणून नायट्रोजन. कोरडा, ऑक्सिजनविरहित नायट्रोजन दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरमधून सोडून आम्ही दाब १० बारपर्यंत नेला. इथे दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पूर्ण भरलेल्या नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये शेकडो बार दाब असतो, त्यामुळे रेग्युलेटरशिवाय तो कधीही जोडू नये. आणि नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नये, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. टायरमध्ये हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरची साधी हवासुद्धा नको; तिच्यात ओलावा असतो, आणि दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो. नायट्रोजन भरलेला असताना एसी सुरू करायचा नाही, म्हणून क्लचची वायर आम्ही सोडवून ठेवली होती.

गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी काटा १० वरून साडेनऊच्या जवळ आलेला दिसला आणि क्षणभर वाटले की पुरावा मिळाला. पण आदल्या दुपारी आम्ही तापमान टिपून ठेवले होते: तेव्हा ३६ अंश आणि सकाळी २५. गेजच्या आकड्यात वातावरणाचा एक बार मिळवला की आतला खरा दाब ११ बार होतो, आणि वायूचा दाब केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो. ११ ला २९८ ने गुणून ३०९ ने भागले की १०.६ येतात, म्हणजे गळती मुळीच नसती तरी सकाळी काटा ९.६ वर दिसला असता. उरलेला फरक इतका बारीक होता की तो काटा वाचण्यातल्या चुकीतही बसला असता. दाबाच्या घटीवरून निर्णय घेणाऱ्यांनी तापमान टिपले नाही, तर नसलेली गळती दिसते किंवा असलेली लपते.

तेव्हा साबणाचे पाणी. ही सर्वांत साधी पद्धत आहे, आणि छिद्राची नेमकी जागा सांगण्यात तिला तोड नाही. भांडी घासण्याचा द्रव थोड्या पाण्यात हलवून, फेस बसल्यावर, मऊ ब्रशने तो प्रत्येक जोडावर लावायचा आणि थांबायचे. थांबणे हाच या पद्धतीचा कस आहे. लावल्या लावल्या जे काही दिसते ते बहुधा ब्रशचेच बुडबुडे असतात. खरी गळती मिनिटामिनिटाने वाढते.

जास्त दाबाच्या सर्व्हिस पोर्टवर, टोपण काढलेले असताना, व्हॉल्व्हच्या पिनेवर एक बुडबुडा हळूहळू फुगला. दहा मिनिटांत तो चार मिलिमीटरपर्यंत वाढला. तंत्रज्ञाला वाटले, सापडले. मी वहीतला हिशेब पुढे केला. चार मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यात साधारण तीन-शतांश मिलिलिटर वायू मावतो. दहा मिनिटांत एवढा, म्हणजे तासाला पाव मिलिलिटरही नाही. आपल्याला ताशी सहा हवे होते, आणि इथे तर दाब बंद गाडीतल्या दाबापेक्षा जास्त होता व टोपणही काढलेले होते. ही गळती खरी होती, पण गॅस हिच्यातून गेलेला नव्हता. त्याने काही क्षण आकड्यांकडे पाहिले आणि बंपर उतरवायला घेतला. इथे थांबलो असतो तर पिन बदलली गेली असती, व्हॅक्यूम पुन्हा टिकला असता, गॅस भरला गेला असता आणि वर्षभराने मी तिथेच उभा असतो.

बंपर निघाल्यावर कंडेन्सर प्रथमच पूर्ण दिसला. डाव्या खालच्या कोपऱ्यात, तो ज्या ब्रॅकेटवर टेकतो तिथे, चिखल आणि सडलेली पाने घट्ट बसलेली होती. ती हलक्या हाताने काढल्यावर खाली तेलाचा ओलसरपणा बोटाला लागला. अतिनील दिव्याखाली तो भाग पोपटी चमकला. साबणाचे पाणी लावले, तेव्हा एकेक बुडबुडा येण्याऐवजी पांढरा बारीक फेस उमटू लागला. पुसला की पुन्हा, पुसला की पुन्हा. एका चपट्या नळीच्या कडेला, बाजूच्या उभ्या नळीत ती जिथे शिरते त्याच्या अगदी जवळ, छिद्र होते. डोळ्यांना ते दिसत नव्हते, केवळ फेसाचा उगम दिसत होता. कंडेन्सरच्या या चपट्या अॅल्युमिनियम नळ्यांची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. तिच्यावर ओला, क्षारयुक्त चिखल सतत चिकटून राहिला की धातूला खळगे पडत जातात आणि एखादा खळगा आरपार होतो. शोधक तिथे धड वाजत का नव्हता, याचाही आता उलगडा झाला: गॅस चिखलाच्या थरातून अडखळत, थांबून थांबून बाहेर येत होता.

त्या छिद्रावर वेल्डिंग करावे किंवा इपॉक्सी लावावे, असा सल्ला मला दोघा-तिघांनी दिला. मी तो मानला नाही. संपूर्ण कंडेन्सर भट्टीत एकत्र जोडलेला असतो. एका कोपऱ्याला ज्योत लावली की शेजारचे जोड सैल होण्याची भीती असते, आणि ज्या भागाला एक छिद्र पडले तिथे दुसरे खळगे अर्ध्यावर असतातच. इपॉक्सीला दर दिवशी दाब आणि उष्णतेचे चढउतार सोसावे लागतात. गळती बुजवण्यासाठी यंत्रणेत सोडायची जी रसायने मिळतात, त्यांना तर माझा ठाम विरोध आहे: ओलावा मिळाला की ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हसारख्या अरुंद जागी घट्ट होऊ शकतात आणि पुढे गॅस काढणाऱ्याचे यंत्रही बिघडवतात. कंडेन्सर नवा घेतला.

बदलण्याचे काम लवकर झाले, पण त्यात काही काळजी घ्यावी लागली. पाइप सुटताच त्यांची तोंडे लगेच बुचांनी बंद केली, कारण या यंत्रणेत वंगणाचे काम करणारे पीएजी तेल हवेतला ओलावा वेगाने शोषते. जुन्या कंडेन्सरमधून निघालेले तेल मोजपात्रात घेतले. ते सुमारे २५ मिलिलिटर भरले, आणि त्याच प्रतीचे तेवढेच ताजे तेल नव्यात घातले. तेल कमी पडले तर कॉम्प्रेसर झिजतो. जास्त झाले तर ते नळ्यांच्या भिंतींवर बसून थंडावा कमी करते. निघालेले तेल स्वच्छ होते, त्यात काळेपणा किंवा धातूची चूर नव्हती, याचा मला मोठा दिलासा वाटला. चूर दिसली असती तर कॉम्प्रेसर आतून झिजत असल्याचे ते लक्षण ठरले असते. ज्या गाड्यांत विजेवर चालणारा कॉम्प्रेसर असतो, तिथे मोटरची वेटोळी याच तेलात असतात, म्हणून तिथे विद्युतरोधक असे वेगळे तेल लागते आणि नेहमीचे पीएजी चुकूनही घालता येत नाही. ओलावा शोषून घेणारा ड्रायर माझ्या कंडेन्सरच्या बाजूच्या नळीतच बसवलेला असल्याने तो आपोआप नवा आला. सर्व ओ-रिंगा नव्या, आर-१३४ए ला चालणाऱ्या, तेलात बुडवून बसवल्या आणि बोल्ट टॉर्क रेंचने सांगितल्याइतकेच आवळले. जास्त दाबाच्या पोर्टवरची ती पिनही बदलली, आणि आतल्या रबरी रिंगेसकट नवे टोपण लावले. टोपण केवळ धूळ अडवण्यासाठी नसते. पिन थोडी झिरपली तर गॅस रोखण्याचे शेवटचे काम तेच करते.

पुन्हा नायट्रोजन, पुन्हा साबणाचे पाणी, या वेळी तापमानाच्या नोंदीसह. कुठेही फेस नाही. मग व्हॅक्यूम. या टप्प्यावर व्हॅक्यूमचे खरे काम गळती शोधणे हे नसून आतली हवा आणि ओलावा काढणे हे असते. ३० अंशाला पाणी सुमारे ४२ मिलिबार दाबाखाली उकळते, त्यामुळे त्याच्या बरेच खाली जाऊन पुरेसा वेळ थांबले, तरच नळ्यांतला ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो. राहिला तर तेलाशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि अॅल्युमिनियमला आतून खळगे पडतात. आम्ही पंप पाऊण तासाहून अधिक चालवला.

गॅस वजनावर भरला: ५२० ग्रॅम, वजनकाट्याकडे पाहून, दाबाच्या अंदाजाने नव्हे. आधी काढलेला गॅस रिकव्हरी यंत्रातून गाळून शुद्ध झालेला होता, तोच आत गेला आणि उणा पडलेला वरून घातला. या कामात हातमोजे आणि चष्मा लागतोच. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे त्याचा द्रव कातडीवर किंवा डोळ्यात उडाला तर जागेवर हिमदाह होतो. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत या वायूला जागा राहिलेली नाही, आणि त्याऐवजी आलेला आर-१२३४वायएफ थोडा ज्वालाग्राही असल्याने त्याच्यासाठी वेगळे यंत्र आणि वेगळे पोर्ट असतात. बॉनेटखालची पट्टी वाचल्याशिवाय कुठलाही सिलिंडर जोडू नये, हे मी इथे मुद्दाम सांगतो.

बाहेर ३४ अंश असताना, इंजिन मिनिटाला सुमारे दीड हजार फेऱ्यांवर ठेवून, कमी दाबाची बाजू दोन बारच्या किंचित वर आणि जास्त दाबाची चौदाच्या आसपास स्थिरावली. मधल्या झडपेत थर्मामीटरने आठ अंश दाखवले आणि दोन्ही टोकांची हवा सारखी थंड लागली. क्लच आता दीर्घकाळ लागून राहत होता.

थंडावा परत येणे हा गळती थांबल्याचा पुरावा नसतो. मागच्या वर्षीही तो असाच आला होता. म्हणून कंडेन्सरचे कोपरे आणि दोन्ही पोर्ट पुसून कोरडे केले, आणि काही आठवडे गाडी चालवल्यावर काळोखात अतिनील दिव्याने पुन्हा पाहिले. कुठेही चमक नव्हती. पुढचा उन्हाळा सुरू होण्याआधी, काहीही बिघाड नसताना, मी गॅस काढून त्याचे वजन करून घेतले. तंत्रज्ञाला हे अनाठायी वाटले, पण त्याने केले. यंत्राने ५०० ग्रॅम दाखवले. सगळा गॅस कधीच निघत नाही, थोडा तेलात विरघळून आतच राहतो, आणि काही ग्रॅम होजमधून गेले असतील. तोच गॅस वीस ग्रॅमच्या भरीसह परत आत सोडला, आणि तारीख व वजन बॉनेटखालच्या पट्टीशेजारी लिहून ठेवले, म्हणजे पुढच्या वेळी जो कोणी गेज लावेल त्याला हिशेब कुठून सुरू करायचा ते कळेल.